माझ्या वजनाच्या मेणबत्त्या

तुम्ही देव मानत नाही आणि तुमच्यासाठी दुसऱ्याच कुणी नवस बोलून ठेवला, तर तो फेडायचा कुणी? मला विचारलं असतंत तर मी ताडकन म्हटलं असतं, ज्याने बोलला त्याने. असं ताडकन बोलायची सवय मला घरातूनच लागली.

आमच्या घरात नवस हा शब्द फक्त पत्रकात यायचा. बाबा शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. ‘नवस : भीतीचा धंदा’, ‘ग्रहांना तुमचा पत्ता ठाऊक नाही’. बाकीची मुलं अंकलिपीवरून वाचायला शिकली, मी बाबांच्या पत्रकांवरून. घड्या आई घालायची. कडेला कड अशी जुळवायची की इस्त्री केल्यासारखं वाटावं. आतल्या मजकुराबद्दल मात्र ती कधी काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे पाठिंबा, असं आम्ही दोघं धरून चाललो. अशी चूक सरकारंही करतात.

पुढे मी मेलबर्नच्या क्लेटनला शिकायला आले, तिथेच नोकरीला लागले आणि पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज भरून वाट बघत बसले. व्हिसा कचेरीचं उत्तर ठरलेलं : प्रोसेसिंग चालू आहे. मी युनिव्हर्सिटीबाहेर व्हिसावर अडकलेल्या पोरांसाठी पत्रकं वाटायचे. भाषा इंग्रजी, चढा सूर बाबांचा. त्याच काळात आई-बाबा माझ्याकडे राहायला आले. शेजारच्या घरात एक आजी होत्या, लहानपणी बेल्जियमहून बोटीने आलेल्या. त्या कुंपणावरून आईला टोमॅटो द्यायच्या, आई त्यांना कढीपत्ता द्यायची. एकदा त्यांनी आईला आपल्या गावच्या चर्चमधल्या मेरीमातेचा फोटो दाखवला. जेमतेम वीतभर मूर्ती. ती सगळ्यांचं ऐकते, म्हणाल्या. आईने तेवढं ऐकून घेतलं.

पुढच्याच महिन्यात पीआर आला. बाबा म्हणाले, “चिकाटी!” मी म्हटलं, “संघटना!” आई शिरा ढवळत राहिली.

त्यानंतर मावसभावाचं लग्न ब्रसेल्सला निघालं आणि आम्ही तिघंही गेलो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, “आजींचं गाव इथून जवळ आहे. एक दिवस जाऊन येऊ.” बाबा खूश झाले. म्हणाले, “चला! परदेशी तीर्थक्षेत्राचा बाजार डोळ्यांनी बघता येईल.”

गाव अगदी छोटं. मधोमध सात बाजूंचं चर्च, त्याच्या घुमटावर सोनेरी चांदण्या, आणि भोवती दुकानंच दुकानं : मेणबत्त्या, माळा, मूर्ती, मिठाई. दूरदूरून चालत आलेले लोक पायातले बूट काढून बाकांवर पाय दाबत बसले होते. एका कोपऱ्यात पाद्री कुणाच्या तरी नव्या गाडीवर पाणी शिंपडत होते.

“बघ,” बाबा मला म्हणाले, “लिंबू तेवढं राहिलं.”

मी हसतेय तोवर आई मेणबत्त्यांच्या दुकानापुढे उभी राहिली होती. तिने पर्समधून आमचा सामान तोलायचा काटा काढला. विमानाला निघताना बॅगेला अडकवून उचलतात, तो. आपल्यातलं कुठलंच कुटुंब त्याच्याशिवाय घर सोडत नाही.

“आई, हा इथे कशाला?”

“मेणबत्त्या तोलायला. तुझ्या वजनाच्या बोलले होते.”

“कुणाला?”

आईने हनुवटीने चर्च दाखवलं. “पीआरसाठी. लोक गुळाने तोलतात, पण आजी म्हणाल्या, इथे मेणबत्त्या चालतात.”

“माझ्या वजनाच्या? अगं, मी साठ किलोच्या घरात आहे!”

“म्हणून तर मलाही घाम फुटला. मग लक्षात आलं, वजन म्हटलं होतं, कधीचं ते म्हटलंच नव्हतं. जन्मलीस तेव्हाचं धरायचं. पावणेतीन किलो.”

शेजारच्या दुकानातल्या मूर्तींचे भाव वाचत असलेले बाबा गर्रकन वळले. “नवस? माझ्या घरात?”

“तुमच्या घरात नाही हो. क्लेटनला बोलले. कुंपणापाशी.”

“पीआर हिच्या कष्टाने आलाय!”

“मी कुठे नाही म्हणतेय? कष्ट हिनेच केले. पण अर्जाकडे कुणाचं तरी लक्ष जायला नको?”

“आणि नाही फेडला तर?” मी विचारलं.

“तर परत जाईल.”

“आई, पीआर असा परत जात नाही. पत्र आलंय.”

“पत्र धाडणारे तेच ना? दुसरं धाडतील.” तिने माझ्या खिशातल्या फोनकडे बोट केलं. “हा वाजला की अजून हातातलं काम टाकून कान देते मी. वाटतं, आलं ते पत्र.”

ही कचेरी कधीही काहीही करू शकते, हे माझ्याच पत्रकातलं वाक्य होतं. ते मी पोरांना चेतवायला लिहिलं होतं. आई ते वाचून रोज झोपायला जात होती.

तरी तत्त्व ते तत्त्व. “तू फेड. मी हात लावणार नाही.”

“ज्याच्यासाठी बोललं, त्याने एक तरी लावावी लागते गं.”

“नाही.”

“बरं,” आई म्हणाली. आईचं बरं म्हणजे काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

तिने पिशवी काट्याला अडकवली आणि दुकानवाल्या बाई तीत मेणबत्त्या टाकू लागल्या. त्यांना यात काही नवल वाटत नव्हतं. बाबा पाठमोरे उभे होते. पावणेतीनला काटा थांबला आणि ते पुटपुटले, “सव्वातीन.”

“काय?”

“पावणेतीन नव्हती ही. सव्वातीन होती. मी काट्यापाशी उभा होतो.”

“अहो, जन्म मी दिलाय!”

“जन्म तू दिलास, आकडा मी वाचला. तू शुद्धीवर तरी होतीस का? काय करायचं ते करा, पण चुकीच्या माहितीवर नको.”

आणि ज्यांनी आयुष्यभर नवसाविरुद्ध लिहिलं, त्या माझ्या बाबांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्या पिशवीत मेणबत्त्या भरल्या, काट्याला लावल्या आणि चष्मा वर करून आकडा वाचला. बरोब्बर अर्धा किलो.

“अभिनंदन, बाबा. नवसात भर घातलीत.”

“मी वजन दुरुस्त केलं,” बाबा गुरकावले. “नवस नाही.”

मेणबत्त्या खोचायच्या लोखंडी रांगा बाहेर उघड्यावर होत्या आणि वारा सुटला होता. आई एक लावायची, दोन विझायच्या. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. मी लांब उभी राहून तत्त्व सांभाळत होते. थोड्या वेळाने मला ते सांभाळणं जड जाऊ लागलं. मी जॅकेटची चेन उघडली आणि वाऱ्याच्या बाजूला जाऊन पडद्यासारखी उभी राहिले. मी एकही मेणबत्ती लावली नाही, हे इथे स्पष्ट करते. एक विझायला आली तेव्हा फक्त हात आडवा धरला.

“लागला हात,” आई म्हणाली. “झालं.”

“हे लावणं नाही, आई!”

“तुझ्या हाताने पेटती राहिली ना ती? मग तुझीच.”

पुराव्याचा इतका सोयीस्कर अर्थ मी त्याआधी फक्त व्हिसाच्या कागदांत वाचला होता. पण तिथे तो आपल्या विरुद्ध लावतात.

तिचे पावणेतीन किलो लावून झाले तेव्हा रांगेत जागा उरली नव्हती. बाबांची पिशवी तशीच होती. “ही तुमची,” आई म्हणाली. “तुम्ही बघा.” मग ती बाकावर बसली आणि बडीशेपेची मिठाई खात राहिली. परतीच्या बसमध्ये माझा फोन वाजला. मी आधी आईकडे पाहिलं. तिने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

बाबा ती पिशवी पुण्याच्या घरी नेऊ शकले नाहीत. पत्रकं वाटणाऱ्या सहकाऱ्यांनी पाहिली असती तर? म्हणून ती माझ्या बॅगेतून क्लेटनला आली. बाबा फोनवर बजावतात, लावू नकोस. आई बजावते, टाकू नकोस. तेव्हा वाचक हो, एक विनंती. तुम्ही मेलबर्नकडे असाल आणि अर्ज अडकला असेल, तर यातल्या दोनचार घेऊन जा. वीज गेली की लावा, केकवर लावा, कशावरही लावा. फक्त लावताना मनातल्या मनात काही बोलू नका. जे बोलायचं ते मोठ्याने बोला, चार जण गोळा करून बोला, आणि तुमचा कागद दाबून बसलेल्या कचेरीच्या दारात जाऊन बोला.