शेजारच्या टीव्हीवरची गणितं

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत टीव्हीच्या अँटेनांसाठी एक नियम होता: दोन घरांत मिळून एक लोखंडी पाइप. गच्चीवर पापड-कुरडया वाळत घालायला जागा उरत नाही, म्हणून बायकांनीच सभेत तो ठराव पास करून घेतला होता. त्यामुळे आमचा आणि शेजारच्यांचा अँटेना एकाच पाइपवर, हातभर अंतरानं वर-खाली बसले होते. त्या ठरावाला मीही हात वर केला होता.

मी तेव्हा जवळच्याच मराठी शाळेत दहावीला गणित शिकवायचे. शाळेत माझी कडक म्हणून ख्याती होती आणि ती मला आवडायची, खोटं कशाला बोलू! आपल्या शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घरी घ्यायच्या नाहीत हा माझा नियम. पेपर फुटण्याची तर मला इतकी चीड, की एका सहकाऱ्यानं त्याच्या शिकवणीतल्या मुलांना चार गणितांवर खुणा करून दिल्या, तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतलं. बिचारा पुढे आठ दिवस व्हरांड्यात डबा खात होता. प्रिलिमचा पेपर काढायची पाळी माझ्यावर आली की कच्चा कागदसुद्धा मी लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवायचे आणि किल्ली कमरेला.

आमचे हे अंधेरीला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात होते. त्या वर्षी त्यांच्या आतेभावानं दुबईहून एक छोटा कम्प्युटर आणून दिला. जाडजूड वहीएवढा, रबरी बटणांचा. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. टीव्हीच्या मागे अँटेनाची वायर काढून तिथे याची वायर खुपसली, की टीव्हीवर अक्षरं उमटायची. मला आधी ते खेळणंच वाटलं. पण ह्यांनी त्यात असं काही बसवून दिलं, की मी समीकरणाचे आकडे टाकायचे आणि खाली एक्स आणि वायची किंमत यायची. मग मात्र मी त्याच्या प्रेमात पडले. कारण पेपर काढताना खरा वैताग असतो तो उत्तरं सरळ येतील असे आकडे शोधण्याचा. उत्तर तेरा सप्तमांश आलं की मुलं घाबरतात आणि बरोबर आलेलं खोडून टाकतात.

दर वेळी वायर काढा-घाला करताना टीव्हीचं भोक सैल व्हायला लागलं. म्हणून ह्यांनी डोकं चालवलं. अँटेनाची चपटी वायर आणि कम्प्युटरची वायर एकत्र पिळून त्यांनी कायमची टीव्हीला जोडून टाकली. बटण फिरवायची कटकट नको, म्हणून कम्प्युटरही टीव्ही केंद्राच्याच चॅनेलवर आणून ठेवला. दुपारी केंद्र बहुतेक बंदच असायचं, त्यामुळे अडचण काही नव्हती. आम्ही दोघंही खूश होतो.

आमची शाळा सकाळची. एकला घरी यायचं, जेवायचं आणि दोनला कम्प्युटर लावायचा, असं मी आठ-दहा दिवस केलं. एक गणित टाकायचं, उत्तर बघायचं, मग ते पडद्यावर तसंच ठेवून कागदावर हातानं सोडवून पाहायचं. मधेच उठून भाजी चिरायची. पेपर झकास जमला. स्टेन्सिल कापल्या, शाळेत प्रती निघाल्या, पाकिटाला लाखेचं सील लागलं आणि पाकीट मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कपाटात गेलं. त्या शनिवारी मी निवांत होते. गणिताचा पेपर मंगळवारी होता.

शनिवारी दुपारी शेजारच्या वहिनी वाटीभर सोलकढी घेऊन आल्या. ही मंडळी कोकणातली. यजमान आधी गिरणीत होते, संपानंतर विक्रोळीच्या एका कारखान्यात लागले होते. त्यांची मुलगी आमच्याच शाळेत, माझ्याच दहावीच्या वर्गात. गणितात तिचे शंभरात वीस यायचे, फार तर बावीस. त्या घरी नुकताच एक जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आला होता.

"बाई," वहिनी म्हणाल्या, "तीन दिवस झाले, टीव्हीवर गणितं नाय ओ आली. रविवारची सुट्टी असते म्हणतात, पण ही कसली सुट्टी?"

"कसली गणितं?"

"ती दुपारची. शाळेचा कार्यक्रम. दोन वाजता मुंग्या जातात आणि गणित येतं. एक्स आणि वाय. खाली उत्तर पण देतात. सरकारनं एक तरी काम चांगलं केलं हां! आमच्या चेडवाक, पोरीक, गणित जमत नाय, म्हणून मी सगळी लिवन ठेवलीत, ती रोज बसून सोडवते."

मी सोलकढीची वाटी खाली ठेवली. मी विचारलं, "वही बघू?"

वहिनी चौथी शिकलेल्या. मोठमोठ्या, दाबून काढलेल्या अक्षरांत त्यांनी पानंच्या पानं भरली होती. पहिलं गणित ओळखीचं होतं. दुसरंही. पाचव्यानंतर मी पानं भराभर उलटली. माझा अख्खा पेपर तिथे होता, उत्तरांसकट. शालूच्या घडीतला आणि लाखेच्या सीलमधला.

"हे आणखी कोणाला दाखवलंत?"

वहिनी जरा ओशाळल्या. "नाय. खोटं नाय बोलत. खालच्या बायका विचारत होत्या, पोरगी काय करते दुपारची म्हणून. म्हटलं, कशाला सांगा? आपली पोरं काढतील पुढे." त्यांच्या त्या आपमतलबीपणाला मी मनातल्या मनात हात जोडले.

संध्याकाळी हे आले तेव्हा मी त्यांना चहासुद्धा दिला नाही. सगळं ऐकून ते शेजारी गेले, वहिनींना म्हणाले, तुमच्या टीव्हीत मुंग्या येतात ना, जरा बघतो. मला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. संध्याकाळचं प्रक्षेपण सुरू व्हायला अजून वेळ होता. मी आमच्या घरात कम्प्युटर लावला आणि सातचा आकडा दाबला.

"सात!" भिंतीपलीकडून आवाज आला.

मी एकोणतीस टाकले.

"एकोणतीस! बास, बंद कर!"

परत येऊन ते खुर्चीत बसले. चेहरा अपराधी, पण डोळ्यांत भलताच आनंद. "वायर म्हणजे काय बंद नळी नसते गं. आतून जातं ते थोडं बाहेर सांडतंच. पडद्यातूनसुद्धा सांडतं. एरवी चार फुटांवर विरून जातं. पण आपण दोन्ही वायरी एकत्र पिळल्या ना, ते थेट गच्चीवर चढलं. आपल्या अँटेनानं फेकलं, हातभरावरच्या त्यांच्या अँटेनानं झेललं."

"म्हणजे मी केंद्र चालवत होते."

"छोटंसं," ते म्हणाले. मग मला कम्प्युटर पुन्हा लावायला सांगून त्यांनी जिन्यातल्या आणखी तीन घरांत काही ना काही निमित्त काढून डोकावून पाहिलं. त्यांचे अँटेना दुसऱ्या पाइपांवर होते. तिथे नुसत्या आडव्या रेघा दिसत होत्या.

"मग गप्प बस ना," ते म्हणाले. "एकच मुलगी आहे. आणि त्या माउलीला वाटतंय सरकारी कार्यक्रम आहे. कोणाला कळणार?"

मी रात्रभर गप्प बसून पाहिलं. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. वीस मार्कांची मुलगी मंगळवारी नव्वद मिळवणार. मग स्टाफरूममध्ये कोणीतरी विचारणार, ही राहते कुठे? बाईंच्या शेजारी. बस्स. माझी अब्रू जाईल ती जाईलच, आणि त्या सहकाऱ्याला मी जे बोलले होते त्याच्या बदल्यात ती जायलाही हरकत नव्हती. पण त्या पोरीला आयुष्यभर लोक चोर म्हणतील, तेही तिनं प्रामाणिकपणे, घाम गाळून सोडवलेल्या गणितांसाठी. ते माझ्यानं सहन झालं नसतं.

रविवारी सकाळी मी घाटकोपरला मोठ्या बाईंच्या घरी गेले. त्या मेथी निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. वायर, पाइप, वही, सगळं. शेवटी म्हणाले, "राजीनामा मागाल तर देते."

त्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. मग विचारलं, "म्हणजे पेपर हवेतून फुटला?"

"हो."

त्या हसायला लागल्या. इतक्या, की पदरानं डोळे पुसावे लागले. "पेपर फुटायचे सगळे प्रकार बघितले गं मी. शिपाई फोडतो, मास्तर फोडतो, एकदा उंदरानं पाकीट फोडलं. हा नवीनच! बस आता. मेथी संपव, मी कागद आणते."

दुपारपर्यंत आम्ही दोघींनी हातानं नवा पेपर काढला. एका गणिताचं उत्तर अपूर्णांकात आलं, ते तसंच राहू दिलं. घरी परतताना स्टेशनबाहेर मी उसाचा रस प्यायले, दोन ग्लास. छातीवरून धोंडा उतरला म्हणतात तो कसा उतरतो हे मला त्या दिवशी कळलं. सोमवारी नव्या स्टेन्सिल कापल्या आणि मंगळवारी परीक्षा झाली.

माझ्या वर्गाचा गठ्ठा मी तपासला नाही. ज्याला फैलावर घेतलं होतं त्याच सहकाऱ्याला दिला. तो संशयानं म्हणाला, "मला का?" मी म्हटलं, "तुम्ही तपासलेलं मला जास्त बरं वाटेल." त्यानं आठवड्यानं गठ्ठा परत दिला. वरचा एकही पेपर न बघता मी शेजारच्या मुलीचा ओढून काढला. शंभरात सत्तेचाळीस. तिनं कधीही न पाहिलेल्या गणितांत, अपूर्णांकवाल्यासकट. मी स्टाफरूममध्ये तो पेपर हातात धरून चक्क रडले. त्या सहकाऱ्यानं घाईघाईनं विचारलं, "कमी दिले का?"

त्याच संध्याकाळी मी वहिनींना खरं सांगितलं. वायरी तोपर्यंत ह्यांनी सोडवल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या रागावतील, नाहीतर लाजतील. त्यांनी डोळे मोठे केले.

"म्हणजे ती तुमी होतात?"

"मीच."

"अगो बाय माझे! मग बंद कशाक केलात? बोर्डाची परीक्षा अजून व्हायचीय."

"तसं लावता येत नाही, वहिनी. गुन्हा आहे तो. पण तुम्ही मला आधी विचारलं का नाही? भिंतीला भिंत आहे आपली."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "दोन वर्षं म्हणतेय विचारीन. पण तुमचा नियम सगळ्यांना माहीत. त्यात तुमी अशा कडक. दारापर्यंत येऊन परत गेले दोनदा."

ज्या नियमाचा मला एवढा तोरा होता, त्याच्या आड ही माउली उभी होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना सांगून, त्यांची परवानगी घेऊन, मी तो नियम मोडला. फी घ्यायची नाही एवढीच अट घातली.

मुलगी दुपारी दोनला आली. वही छातीशी धरून दारातच उभी राहिली. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि शक्य तेवढ्या मऊ आवाजात विचारलं, "मला एक सांग. वर्गात मी हीच समीकरणं शिकवली होती, तेव्हा तुला का नाही समजली? टीव्हीवर कशी समजली?"

तिनं वहीचा कोपरा मुडपला. मी म्हटलं, "बोल, रागावणार नाही."

"बाई, तुम्ही फळा लगेच पुसता," ती म्हणाली. "टीव्हीवर गणित राहायचं."

मी तिची वही पुढे ओढली, पहिलं समीकरण लिहिलं आणि तिचं होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिले.