भाईदासआप्पांनी दिलेली तारीख

बावीस वर्षं शहाद्याचा फुटबॉल संघ भाईदासआप्पांच्या हातात होता. ब्राह्मणपुरीची शेती धाकट्या भावाच्या गळ्यात घालून हा माणूस रोज दिवस कलताना सायकलवरून मैदानात हजर होई. स्वतः ते कधी धड खेळले नाहीत. पण कुणात खेळ आहे, हे त्यांना बाजाराच्या गर्दीतही दिसे. गोवालला त्यांनी म्हसावदच्या बाजारात असाच हेरला. सातपुड्यातला हा पावरा आदिवासी तरुण गाडीवरून फेकलेली कलिंगडं न बघितल्यासारखी झेलत होता. चार वर्षं झाली, गोलात तोच उभा राही.

अडतीस साली ढालीचा अंतिम सामना नवापूरशी ठरला. दोन वर्षं ढाल नवापूरकडेच होती. संघाचा खर्च चालवणाऱ्या मगनशेठनी बजावून ठेवलं होतं, या खेपेला हरलो तर सुरतेहून नवा शिकवणारा आणणार. तारीख मात्र आप्पांनीच दिली. हरभऱ्याची मळणी, बाजाराचा वार, नवापूरकरांच्या आगगाडीची वेळ, सगळं धरलं. डोंगरातली होळी तेवढी धरली नाही.

सामन्याच्या सकाळी गोवाल आला तो अनवाणी, अंगाला राख फासून. आप्पांच्या उंबऱ्याबाहेरच थांबला.

"पाळनी शे आप्पा. होळी लगून चामडाले शिवता येत नही, चेंडूले बी नही. मन्ही मायना नवस शे." मग जरा थांबून म्हणाला, "तरी तुम्ही सांगशात ते उभा ऱ्हासू."

त्याची आई पावसाळ्यात मरता मरता वाचली होती. आप्पांना ते ठाऊक होतं, आणि आपल्या एका शब्दावर हा नवस मोडेल हेही कळत होतं.

मगनशेठ ओट्यावरच बसले होते. आधी त्यांनी गोवालला चुचकारलं, मग आप्पांना बाजूला घेतलं.

"उभा करा त्याले. आठे कोन देखी ऱ्हायना, आप्पा?"

आप्पांनी उंबऱ्याकडे पाहिलं. गोवालने मान खाली घातली नव्हती. तो त्यांच्याकडेच पाहत होता.

"गोलमा झिपरू उभा ऱ्हाई," आप्पा म्हणाले.

झिपरू बचावातला खेळाडू, गोलात उभं राहण्याची त्याची ही पहिलीच वेळ. गोवाल गोलामागे दहा पावलांवर उभा राहिला, हात पाठीमागे घट्ट बांधून. नवापूरचा गडी पाय उचली, त्याआधीच याचा आवाज येई, "डावा!" आणि झिपरू तिकडे झेपावे. तीन चेंडू असे अडले. दोन्हीकडे एकही गोल नव्हता. आप्पांच्या मुठीतलं धोतराचं टोक घामाने भिजलं.

शेवटच्या मिनिटाला झिपरूच्या हातून चेंडू निसटला आणि सावकाश गोलाकडे घरंगळला. गोवाल पुढे झुकला. हात मात्र सुटले नाहीत. चेंडू रेघ ओलांडून त्याच्या पायांकडे आला, तसा तो एक पाऊल मागे सरला.

ढाल नवापूरला गेली. संघ सुरतेच्या माणसाकडे गेला.

होळीनंतर गोवाल ब्राह्मणपुरीला आला. नव्या माणसाच्या हाताखाली खेळणार नाही, असं सांगून शेताच्या बांधावर बसून राहिला. आप्पा पाण्याचं दार धरत होते. एक वाफा भरला, मग दुसरा.

"सोमवारले मैदानवर जाय," अखेर ते म्हणाले. "झिपरूना भरवसा नही."

गोवाल उठला. तो रस्त्याला लागेपर्यंत आप्पांनी मान वर केली नाही.