झिनियाचा हिरवा वाफा

आमच्या वनस्पती उद्यानाच्या तिकीट खिडकीत मी बसते. त्यामुळे कोण आलं, कोण रुसून गेलं, सगळं मला आपोआप कळतं. मी चौकशा करत नाही हो, लोकच सांगतात. आणि आमचे म्हातारे माळीकाका तर माझ्याशिवाय कुणाशी बोलतच नाहीत, मग मी तरी काय करू!

काकू गेल्यापासून काका काचघरामागच्या खोलीत एकटेच राहतात. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत बियांचे डबे. रेडिओ दिवसभर चालू, पण ऐकतंय कोण? "घरात कुणीतरी बोलतंय असं वाटतं," म्हणाले एकदा. मी म्हटलं, "मग बातम्या तरी लावू नका, नुसती भांडणं!" तेवढ्यापुरते हसले.

उन्हाळा सरत आला की आमच्याकडे गर्दी लोटते. सूर्यफुलं, कॉसमॉस, सगळं एकदम फुलतं. मधला मोठा गोल वाफा झिनियाचा, तो काकांचा. यंदा मुलाने फोनवर सांगितलं होतं, नातीला घेऊन येतो, तिला आजोबांची फुलं बघायचीयत. नातीला काकांनी पाहिलं होतं ते ती रांगत होती तेव्हा. मग काय, काकांचे पाय जमिनीवर ठरेनात.

कळ्या उमलायला आल्या आणि मुलाचा फोन आला. आत्ता जमत नाही, महिनाअखेरीला नक्की. काकांनी कात्री घेतली आणि वाफ्यातली कळी न् कळी खुडून टाकली! झिनियाची कळी खुडली की बाजूने नवे फुटवे येतात आणि बहर दोन-तीन आठवडे पुढे जातो. म्हणजे नात येईल तेव्हा वाफा ऐन भरात.

"डोकं फिरलंय का तुमचं?" मी ओरडलेच. "लोक तिकीट काढून काय पानं बघणार?"

साहेबांनीही चांगलंच झापलं. काकांचं आपलं एकच,

"पोरीला शिळी फुलं दाखवू का?"

आणि मुलगा आला. महिनाअखेरीला नाही, मध्येच एका मंगळवारी, न कळवता. इकडे ऑफिसचं काम निघालं होतं म्हणे. नात टाचा उंचावून मला विचारते, "माझ्या आजोबांची फुलं कुठेयत?"

मला राहवेना. शेजारच्या खिडकीतल्या बाईला बसवलं आणि मागोमाग गेले. चहूकडे फुलंच फुलं, आणि काकांचा वाफा हिरवागार. काका मातीचे हात पँटला पुसत उभे.

"बाबा, यंदा काही आलं नाही वाटतं?" मुलाने घड्याळ बघत विचारलं.

"नाही रे. यंदा नाही साधलं."

एखादं तरी फूल सापडेल म्हणून नातीने वाफ्याभोवती चक्कर मारली. मग बापाला हळूच म्हणाली, "आजोबांना फुलं करता येत नाहीत." हळूच म्हणजे आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल इतकं. आणि पळाली सूर्यफुलांकडे. ती फुलं दुसऱ्या माळ्याची. काका तिच्यामागे गेले, तिला उचलून एकेक सूर्यफूल दाखवत राहिले. थोड्या वेळात त्यांच्या गाडीची वेळ झाली.

महिनाअखेरीला झिनिया असा काही फुलला की फोटो काढायला लोकांची झुंबड. मेल्या फुलांना आत्ताच बरी जाग आली! काका पाइप घेऊन एका बाजूला उभे होते. माझा संयम सुटला.

"काका, आत्ता फोन लावा मुलाला. सांगा, तुमच्यासाठी बहर अडवून धरला होता म्हणून."

"नको. त्याच्या मनाला लागेल."

"लागू दे की! चांगलं लागू दे!"

"लागलं तर तोंड चुकवायला लागेल गं तो." काका पाण्याची धार मुळांवर सोडत म्हणाले, "पोरीला काय वाटतंय, आजोबांना येत नाही, एवढंच ना? वाटू दे. तेवढ्यासाठी कुणी यायचं थांबत नाही."