दिग्रसच्या पेन्सिलीने बुजवलेले खड्डे

गेल्या डिसेंबरात एका रविवारी, दुपारी साडेबाराच्या सुमारास, दिग्रसच्या एका फोटो स्टुडिओत असे उघडकीस आले, की माझ्या डोळ्यांखालचे खड्डे बत्तीस वर्षांपूर्वीच एकदा बुजवण्यात आले होते.

पार्श्वभूमी अशी. आमच्या प्रणालीचे लग्न जमले. मुलाकडची मंडळी यवतमाळला घरी येऊन पोहे खाऊन गेली. दोन दिवसांनी माझा मेहुणा विलास याला त्यांचा हलक्या आवाजात फोन आला: मुलीच्या वडिलांना काही मोठे दुखणे आहे का?

"मी म्हटलं, काही नाही जी, ते जन्माचेच असे दिसते!" विलासने मला सांगितले. "तर म्हने, आमी सहज विचारलं. भाऊजी, असं सहज कोनी विचारत नसते. साक्षगंधाच्या आत ह्या खड्ड्याईचं काहीतरी पाहा."

(विलास अतिशयोक्ती करतो, पण इथे त्याला वाव नव्हता. लग्नात आहेर द्यायला गेलो तरी लोक माझा हात दाबून विचारतात, "कधी झालं?")

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, तीन आठवडे होते. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी टॉर्च मारून पाहिले आणि दोन मार्ग सांगितले. एक, सुईने फिलर भरणे: थोडक्यात काम, पण वर्ष-दीड वर्षात ते विरून जाते. दुसरा, शस्त्रक्रिया: पापणीखालची चरबी खड्ड्यात सरकवायची. ती टिकते, पण सूज आणि निळेपणा दोन आठवडे.

"आपरेशनच करा!" विलास म्हणाला. "एकदाचा निकाल!"

"मामा, सूज नाही उतरली तर? साक्षगंधात बाबा मार खाऊन आल्यासारखे दिसतील," प्रणाली म्हणाली. "फिलर करा, बाबा."

बायको मेथी निवडत राहिली.

खड्डे वयाने आले की मुळातच होते, हे पाहायला डॉक्टरीणबाईंनी तरुणपणीचा फोटो मागितला. मी गच्चीवर उन्हात पेटी उघडून बसलो. घरातले बहुतेक फोटो मीच काढलेले. त्यामुळे मी कशातच नाही. एका फोटोत माझी फक्त सावली आहे, प्रणालीच्या पहिल्या वाढदिवसाच्या केकवर पडलेली. शेवटी बायकोने आतून, शालूच्या घडीतून, एक फोटो आणून दिला. स्थळासाठी पाठवलेला, कृष्णधवल. गाल भरलेले, डोळ्यांखाली सपाट, आणि नजर कॅमेऱ्याच्या वरून कुठेतरी लांब गेलेली. ऊन सरकत भिंतीवर गेले तरी मी त्या पोराकडे पाहत बसलो होतो. त्याचा हेवा वाटत होता.

मोबाइलवर तो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हणजे खड्डे वयाचे. फिलरने हाच चेहरा परत येईल!" बुधवार ठरला. फक्त एक मोठी, स्वच्छ प्रत हवी होती.

फोटोमागे दिग्रसच्या स्टुडिओचा शिक्का होता. त्या काळी मी तिथे तालुका वार्ताहर होतो. रविवारी मी आणि बायको एसटीत बसलो. दारव्ह्याला विलास चढला. पुढे कापसाची गाडी चालली होती आणि तिच्यातून सुटलेले पुंजके खिडकीतून आत तरंगत येत होते. सगळी बस पेंगत होती. एक पुंजका बायकोच्या केसांवर उतरला. मी तो काढला नाही. बुधवारनंतर आपण कसे दिसू, याचा विचार करता करता दिग्रस आले.

स्टुडिओवाले मनोहरभाऊ आता सत्तरी ओलांडलेले. त्यांनी भिंग लावले.

"हे तं माह्याच हातचं काम!"

"हो, फोटो तुम्हीच काढला होता."

"फोटो नाही म्हनत मी. खड्डे! निगेटिवावर बारीक पेन्सिल मारून भरले होते, छापलं का तेवढं उजळ येते. दोन दिवस लागले, बापा! तुमच्या वडलाईनं बजावलं होतं, पोरगं लग्नाचं हाये, जरा नीट भरा."

विलासने भिंग आपल्याकडे ओढले.

"म्हंजे भाऊजी," विलास सावकाश म्हणाला, "आमाले फसवलं!"

मला यातले काहीही ठाऊक नव्हते, असा खुलासा मी केला. तो कोणी ऐकला नाही.

"मले तवाच समजलं होतं," बायको म्हणाली. "पाहाले आले त्या दिवशी. फोटोतला पोरगा आलाच नाही. मले वाटलं, त्याचा मोठा भाऊ धाडला." (मला मोठा भाऊ नाही.)

"मंग हो काहून म्हटलं, ताई?"

"हे खिडकीतून बाहेर पाहून राह्यले होते, अर्ध्या झोपेत असल्यावानी. म्हटलं, हा मानूस भांडनार नाही."

"अन् फोटो एवढा जपून काहून ठेवला?"

"तो बी चांगला होता न!" ती म्हणाली, आणि लाजली. बत्तीस वर्षांत ती माझ्याकडे पाहून अशी लाजल्याचे मला आठवत नाही.

मी तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन करून वस्तुस्थिती कळवली. "मग तुमच्या चेहऱ्याची ठेवणच तशी," त्या म्हणाल्या. "माझा अंदाज चुकला. बुधवारचे आता रद्द करू. साक्षगंध झाल्यावर या, पुन्हा तपासू."

"आता त्याईले काय सांगावं?" विलासने डोके धरले.

बायकोने मुलाच्या आईला फोन लावला. "दुखनं-गिखनं काही नाही, ताई. तब्येत ठनठनीत हाये. चेहराच तसा हाये. या साक्षगंधात, जवळून पाहून घ्या."

साक्षगंध ठरल्या दिवशी पार पडले. मुलाच्या आईवडिलांनी मला जवळून पाहिले. व्याह्यांनी स्वतःच्या हाताने मला दुसरी जिलबी वाढली आणि मी ती सर्वांसमक्ष खाल्ली. फोटो काढायला विलासने मनोहरभाऊंनाच बोलावले होते.

चौथ्या दिवशी फोटो आले. जुन्या ओळखीखातर मनोहरभाऊंनी, कोणी न सांगता, कॉम्प्युटरवर माझे खड्डे एकेक करून भरले होते.

त्याच दुपारी दोन्ही घरांच्या ग्रुपवर मुलाच्या आत्याचा (त्या पोह्यांना आल्या होत्या, साक्षगंधाला नव्हत्या) संदेश आला: "फोटो खूप सुंदर. मुलीचे बाबा एकाही फोटोत दिसत नाहीत. तब्येत बरी आहे ना त्यांची?"