शेजारणीची नजर

एस.टी.त कंडक्टर म्हणून आयुष्य घालवलेल्या माणसाला सरळ बघता येत नाही. अक्कलकुव्याच्या गाडीत मिसरूड फुटलेल्या पोराचं अर्धं तिकीट मागणारी आई रोज भेटली की तुम्हीही तसेच व्हाल. निवृत्त होऊन तळोद्याजवळच्या आमच्या गावी राहायला आलो, म्हैस घेतली, पण स्वभाव काही खाकी कपड्यांबरोबर उतरला नाही. बायको म्हणायची, "तुमले तं समदा चोरच दिसतस." मी म्हणायचो, असतात म्हणून दिसतात.

सगळ्यात पक्का संशय शेजारणीवर. एकटी बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणायची. तिच्या आणि आमच्या घरामध्ये एक गवताळ बोळ. म्हैस आणली त्याच दिवशी ती दारात येऊन म्हणाली, "कासंडी भरीसन दूध देई हाई!" झालं! दुसऱ्याच्या जनावराचं असं तोंडभर कौतुक करतं का कोणी? त्यात मागच्या वर्षी तिची गाय मेली. चारा सोडला, कण्हत राहिली, गेली. तेव्हापासून ही बाई येता-जाता आमच्या म्हशीकडे टक लावून उभी राहायला लागली.

आणि यंदा म्हशीने रवंथ करणं थांबवलं. मान लांब करून, पुढचे कोपर फाकवून नुसती उभी. उतारावर पाय टाकेना. दूध आटून तांब्याभर झालं. मी बायकोला म्हटलं, "लागली बघ नजर."

संध्याकाळी शेजारीण म्हशीसाठी ज्वारीची पेज घेऊन आली. मी गोड बोलून पातेलं घेतलं आणि तिची पाठ वळताच उकिरड्यावर ओतलं. काय कालवलं असेल, कोणी सांगावं! दुसऱ्या दिवशीही तेच केलं. तिसऱ्या दिवशी ती रिकाम्या हाताने आली. म्हणाली, "मन्ही गाय बी अशीच उभी ऱ्हाये, भाऊ. डाक्टरले बलावा. उशीर करू नका."

मी मुद्दाम नाही बोलावलं. जिने दुखणं लावलं तिनेच औषध सांगायचं, हा कुठला न्याय? शेवटी तिनेच परस्पर फोन केला आणि डॉक्टरीणबाई स्कूटीवरून आमच्या दारात हजर.

बारीकशी, नुकती शिकून आलेली. हिला हात साफ करायला जनावर हवंय, हे मी बघताक्षणी ताडलं. तिने म्हशीच्या पाठीला दोन्ही हातांनी जोराचा चिमटा काढला. म्हैस कण्हली.

"काका, पोटात काहीतरी टोकदार गेलंय. तार, खिळा, सुई, असलं काही. ते पुढे सरकत हृदयापर्यंत जातं. आजच पोट उघडावं लागेल."

"आणि नाही उघडलं तर?"

"तर मरेल."

किती सहज म्हणाली! मी बायकोकडे बघितलं. ती रडत होती. म्हैस तिच्या हाताखालची, तिच्या हाकेला हंबरणारी. मी चडफडत हो म्हटलं.

मला वाटलं होतं, म्हशीला आडवी पाडतील. पण सगळं उभ्यानेच झालं. डाव्या कुशीवरचे केस काढले, सुया टोचून तेवढाच भाग बधिर केला आणि वीतभर चीर दिली. म्हैस माझ्या हाताला थांबेना, म्हणून शेजारीण पुढे झाली. तिने दावं धरलं आणि म्हशीचं डोकं छातीशी घेतलं. तेही मला आवडलं नाही. पण करणार काय! मी कापडाचे बोळे मोजत राहिलो, आत किती गेले, बाहेर किती आले.

"काका, आम्हीही मोजतो," डॉक्टरीणबाई म्हणाली.

"तुम्ही मोजा. मीही मोजतो."

तिने पोटाची पिशवी चिरेतून ओढून कडेने टाक्यांनी पक्की केली, मग ती उघडून आतला चारा घमेल्यात काढला. घमेलं दोनदा भरलं. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून ती आत चाचपू लागली. डोळे मिटलेले. किती वेळ गेला देव जाणे. मग एकदम म्हणाली, "सापडली." बाहेर काढली, धुतली, माझ्या तळहातावर ठेवली.

वीतभर गंजलेली तार. एका टोकाला आकडा, दुसऱ्या टोकाला दुहेरी पीळ.

तो पीळ माझा होता. दर शनिवारी गोठ्याच्या दाराला मी लिंबू-मिरची टांगायचो. दोरा कुजतो, म्हणून तारेत ओवायचो, आणि लिंबू घसरू नये म्हणून खाली दुहेरी पीळ द्यायचो. गावात दुसरं कोणी असं करत नाही. जुनी माळ काढली की बोळात फेकायची. लिंबू कुजून जायचं, तार गवतात राहायची. पाण्यावरून येताना म्हैस त्याच गवताला तोंड लावायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाचेल," टाके घालता घालता डॉक्टरीणबाई म्हणाली. बायकोने तिला हात जोडले.

"काय निघनं, भाऊ?" शेजारणीने विचारलं.

मी मूठ मिटली. खिळा म्हणून सांगावं, असं मनात आलं. कोणाला कळणार होतं? पण ती मघापासून आमच्या म्हशीचं डोकं धरून उभी होती, तिचा पदर लाळेने भिजला होता. मी मूठ उघडली.

"लिंबूनी तार शे. मीच टांगेल व्हती."

तिने तार घेतली, उलटीपालटी करून बघितली. कोणाच्या नजरेसाठी टांगत होतात, असं ती विचारेल म्हणून मी मान खाली घातली. तिने ते विचारलंच नाही.

"जुना लिंबू कठे फेकतस तुम्ही, भाऊ?"

"बोळमा." आणि तेवढ्याने सुटका होणार नव्हती, म्हणून पुढचंही बोललो, "तुमना बाजूले."

ज्याची नजर त्याच्या दारात परत जावी, म्हणून मी मुद्दाम तिकडे फेकायचो. बोळाच्या त्याच बाजूच्या भिंतीला तिची गाय बांधलेली असायची.

तिने तार माझ्या हातावर परत ठेवली, दावं बायकोच्या हाती दिलं, आणि घरात जाऊन आतून कडी लावून घेतली.