भट्टीला न गेलेलं रान

शेंद्र्याला आमचं दोन एकर रान आहे, कंपन्यांच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर. त्याची वरची हातभर माती वडील वीटभट्टीवाल्याला खरवडून देणार होते. "मेली ती माती," ते म्हणाले. "युरिया टाकून टाकून दमलो. आता विटा तरी होऊ दे."

मी तेव्हा माती वाचवा म्हणून पत्रकं वाटत हिंडत होते. शहरात शहागंजात छापून घ्यायची आणि छावणीच्या बाजारात लोकांच्या हातात कोंबायची. आणि माझ्याच घरचं रान भट्टीत! मी घर डोक्यावर घेतलं. शेवटी वडील वैतागून म्हणाले, "एक खरीप देतो. दसऱ्याला पीक बघू. पिवळं पडलं की ट्रॅक्टर बोलावणार."

सुरुवातीलाच मी तोंडावर आपटले. माती तपासायला दिली ती बांधावरच्या लिंबाखालची, कारण तिथं सावली होती आणि कुदळ सहज जात होती. अहवाल आला, सगळं उत्तम! वडिलांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "अगं, तिथं आपल्या शेळ्या बांधायचो. तू लेंड्या तपासून आणल्या."

मग भर उन्हात अख्ख्या रानात नागमोडी फिरून, दहा ठिकाणची माती गोळा करून दिली. या वेळी खरं ते कळलं. सेंद्रिय कर्ब नावालाच, जस्त कमी, आणि स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मात्र भरपूर. भरपूर असून पीक उपाशी! हे मला पत्रकं वाटूनही नीट कळलं नव्हतं. झाड माती खात नाही. पाण्यात विरघळेल तेवढंच मूळ पितं. आमच्या चुनखडीच्या मातीत खतातला स्फुरद चुन्याला घट्ट धरून बसतो. तो सोडवतात मातीतले जिवाणू आणि मुळांभोवतीची बुरशी. त्यांना जगायला कुजलेला पाला लागतो, शेण लागतं. आणि आम्ही दर वर्षी कपाशीच्या पऱ्हाट्या बांधावर रचून जाळत होतो. पोत्यांवर पोती आणायची आणि ती पिकाला पोचवणाऱ्यांचं जेवण पेटवून द्यायचं! संताप संताप झाला माझा.

मी हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी शिधा भरला, पण रांधणारीलाच उपाशी मारलं."

उपाय घरातलाच होता. मामाची मेंढरं. आमच्याकडं पूर्वीपासून उन्हाळ्यात रिकाम्या रानात कळप बसवतात, लेंड्या आणि मूत थेट मातीला मिळतं. वडील स्वतः तरुणपणी कळपामागं चाललेले. पण कंपनीत लागल्यापासून ते त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

"नाय," ते म्हणाले. "कंपनीची बस आपल्या रानासमोर थांबती. सगळी शिफ्ट बघंल. म्हणतील, गडी कंपनीत लागला पण मेंढरं सुटली नाय."

"मातीच्या विटा करायची लाज नाय, लेंड्यांची हाय व्हय?" मी म्हणाले.

 तिसऱ्या दिवशी त्यांनी आईला सांगितलं, "नाल्याकडंच्या एकरात बसवा म्हणावं. रस्त्यावरून दिसाय नको."

मामा आला तो हसतच. "दाजी, मेंढरं काय चोरीची हायेत का?" त्यानं नाल्याकडं मेंढरांभोवती जाळी लावली आणि ती रोज पुढं सरकवली. सकाळ झाली की आम्हाला वखर धरायला लावायचा. "ऊन लागायच्या आत मातीआड करा, नायतर निम्मं वाऱ्यावर जातं." रस्त्याकडचा एकर वडिलांच्या अब्रूपायी कोरडाच राहिला.

पेरणी दोन्हीकडं एकाच दिवशी. तीच बाजरी, तीच तूर. नाल्याकडची बाजरीची ताटं छातीला लागली तरी रस्त्याकडची गुडघ्याच्या वर जाईनात, आणि पानं पिवळी. जे लपवायचं होतं ते हिरवंगार मागं उभं, आणि शिफ्टच्या डोळ्यांसमोर ते पिवळं! बसमधले विचारू लागले, "पल्याड काय टाकलंय राव? कोणत्या कंपनीचं खत?" वडील आठवडाभर टाळत राहिले. मग एका संध्याकाळी बसमधून उतरता उतरता त्यांनी मागं वळून सांगितलं, "मेंढरं बसवली. माझ्या मेव्हण्याची." मी रानासमोरच्या फाट्यावरच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं.

एका खरिपात माती बरी होत नाही, हे मीही जाणते. पण दसऱ्याला भट्टीवाला आला तेव्हा वडिलांनी नाल्याकडचं ढेकूळ उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. ते बोटांनी फुटलं, आत एक गांडूळ वळवळत होतं.

"बरं, ही ठेवा," तो म्हणाला. "रस्त्याकडची तरी द्या. ती कुठं कामाची हाय?"

वडिलांनी खिशातून फोन काढला आणि त्याच्यासमोरच मामाला लावला. "उन्हाळ्यात कळप लवकर आण. आणि ऐक, नाल्याकडं नको. बस थांबती ना, तिथनंच सुरू कर."