देवाला ताप आला असेल का

"देवाला ल्हानपणी ताप आला आसंल का?"

नाताळच्या आधीच्या रविवारी आगताआत्या मुलांना हे विचारायची. मुले एकमेकांकडे बघून खुदखुदायची. ती मात्र हसायची नाही. मग एखादी मुलगी चाचरत म्हणायची, "देवाला कसा येईल?"

"देवाला न्हाय येत. पर त्यानं अंग घेतलं न्हवं? अंग घेतलं म्हंजी ताप आला, नाक गळलं, गुडघं फुटलं. ह्यातलं काईच नसंल तर अंग घेऊन उपेग काय?"

फादरांच्या पुस्तकात याला 'देहधारण' म्हणत. आत्याला तो शब्द ठाऊक होता, पण मुलांपुढे तिने तो कधी काढला नाही.

बाप्तिस्म्याचे नाव अगाथा. आमच्या सणसर गावात त्याचे आगता झाले. ती माझ्या नवऱ्याची आत्या. ऐन तरुणपणी विधवा झाली, काही वर्षे मिशनच्या वसतिगृहात मुलींचे करायला राहिली आणि नंतर भावाच्या आधाराने गावात आली. कालव्याच्या कडेला आमची पत्र्याची एक खोली होती, तिला आम्ही देऊळ म्हणायचो. सणसर आणि भवानीनगरची मिळून थोडीच कॅथलिक घरे. फादर बारामतीहून महिन्यातून एकदा येत. बाकीच्या रविवारी प्रार्थना आत्याच घ्यायची. बोलताना समोरच्याचे मनगट धरून ठेवायची तिला सवय होती. सांगून संपेपर्यंत सुटका नसे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. नाताळच्या आधीचा आगमनकाळ सुरू झाला त्या आठवड्यात आमच्या वस्तीतला दानियल घरी परतला. तो लांब पल्ल्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याचा थोरला भाऊ थॉमस भवानीनगरला कारखान्यात फिटर. दानियल वडापच्या जीपमधून उतरला तेव्हा थॉमसच्या बायकोने, मंगलने, त्याला ओळखलेच नाही, इतका तो वाळला होता. आठवड्याभरात आजाराचे नाव वस्तीभर झाले. ते नाव कुणी तोंडाने घेत नसे. 'तसला आजार' एवढेच म्हणत. मंगलची दोन मुले लहान होती. तिने दानियलची खाट मागच्या पडवीत टाकली, ताट-तांब्या वेगळा केला, आणि त्याचे कपडे कुणी धुवायचे हे काही ठरेना.

आत्या दुसऱ्या दिवसापासून रोज तिकडे जाऊ लागली. त्याला अंघोळ घालायची, कपडे धुवायची, भाताची पेज भरवायची, आणि संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायची. माझी रीना तेव्हा चार वर्षांची. आत्या दारात दिसली की ती धावत जाऊन तिच्या मांडीवर बसे. एका संध्याकाळी विजयने, माझ्या नवऱ्याने, तिला मांडीवरून उचलून आत नेले. दुसऱ्या दिवशी आत्या घरात आली नाही. बाहेर पायरीवर बसली आणि म्हणाली, "च्या हितंच दे." तिसऱ्या दिवशीही तसेच. रीना आतून रडत होती आणि विजयने दाराला कडी घातली होती. मी कप घेऊन बंद दार आणि आत्या यांच्या मधे उभी.

आत्याने माझे मनगट धरले नाही. नुसते म्हणाली, "सुमन, भ्या वाटतंय ते बरोबर हाय. लेकरू हाय तुझं. उद्या माझ्यासंगट बारामतीला चल. डाक्टरला तूच इचार. माझ्या शब्दावर लेकरू सोडू नगंस."

डॉक्टरांनी सरळ सांगितले. हात लावून, एका ताटात जेवून, पापा घेऊन हा रोग होत नाही. मी तेच तीन वेगळ्या तऱ्हांनी विचारले, त्यांनी तेच उत्तर दिले. परतीच्या एसटीत आत्याने विचारले, "पटलं?"

"डोक्याला पटलं," मी म्हणाले.

"तेवढं बास. बाकीचं मागनं यील."

पण गावाच्या डोक्यालाही ते पटले नव्हते. आमच्याकडे नाताळच्या मिस्सेनंतर, म्हणजे फादर घेतात त्या उपासनेनंतर, फादर बाळ येशूची मूर्ती हातात धरून वेदीपुढे उभे राहत आणि सगळे रांगेने येऊन तिच्या पावलाचे चुंबन घेत. आत्या शेजारी स्वच्छ रुमाल घेऊन उभी असे आणि प्रत्येकानंतर पाऊल पुसून घेई. नाताळच्या आधीच्या रविवारी प्रार्थना संपल्यावर योसेफतात्या उठून उभे राहिले. देवळाची फरशी त्यांच्या पुढाकाराने झालेली, कुणाच्याही अडचणीला धावणारा माणूस. ते कुणाचे वाईट चिंतणाऱ्यांतले नव्हते, म्हणूनच त्यांचा शब्द जड होता.

"आत्या, दान्या नाताळाला येणार हाय म्हनं."

"व्हय. त्याची इच्छा हाय."

"लेकरं त्याच मूर्तीचा मुका घेत्यात. रुमालानं पुसून काय व्हतंय? आमी त्याच्यासाठी घरी प्रार्थना करू. पर हितं नको."

"तात्या, बारामतीला जाऊन इचारून आलोय आमी."

"डाक्टर काय सांगायचं त्ये सांगतील. त्यांची लेकरं न्हाईत ह्या रांगेत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "तो आला तर माझं घर येनार न्हाय. आनखी बी बरीच घरं येनार न्हाईत. बघा तुमी."

नाताळच्या सकाळी थंडी होती आणि उसाच्या बैलगाड्या कारखान्याकडे चालल्या होत्या. बारामतीची मिस्सा उरकून फादर मोटारसायकलवरून आले. वसईकडचे, तरुण, नुकतेच बदलून आलेले. तात्यांनी त्यांना बाहेरच गाठले. दोघे बराच वेळ बोलत होते. सगळी घरे आली होती. दानियल येतो की नाही हे पाहायला बहुतेक. दानियल आत्याच्या खांद्यावर हात टाकून आत आला आणि मागच्या भिंतीशी सतरंजीवर बसला. माणसे सरकली. त्या दोघांभोवती सतरंजीचा मोठा तुकडा मोकळा राहिला. मिस्साभर मी पुढे बघत होते, पण माझे सगळे लक्ष त्या मोकळ्या जागेवर होते.

शेवटी फादरांनी मूर्ती उचलली. म्हणाले, "यंदा आपण बाळ येशूचं नुसतं दर्शन घेऊया. मी मूर्ती उंच धरतो. सर्वांनी आपापल्या जागेवरून हात जोडावेत."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला. तेवढ्यात आत्या उठली.

"फादर, एक इचारू? रागावू नका."

"विचारा, बाई."

"लांबनंच बघायचं व्हतं, तर आभाळात व्हताच की त्यो. खाली कशापायी आला?"

ती भांडत नव्हती. मुलांना विचारायची तशीच विचारत होती. फादर मूर्ती उंच धरून तसेच उभे होते. त्यांनी तात्यांकडे पाहिले, मग खाली पाहिले. मग वेदीवरून उतरले, माणसांमधून वाट काढत मागच्या भिंतीपाशी गेले आणि दानियलपुढे गुडघ्यावर बसले.

दानियलने तोंड फिरवले. "नको फादर. ल्हान पोरं हायती. त्यास्नी आधी घिऊ द्या. मला ऱ्हाऊ द्या." आणि तो तोंडावर हात दाबून रडू लागला.

फादरांनी आत्याकडे पाहिले. आत्याने कपाळाला हात लावून खूण केली. त्यांनी मूर्ती हळूच दानियलच्या कपाळाला टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

योसेफतात्या उठले. बायकामुलांना घेऊन बाहेर पडले. त्यांच्यामागून आणखी काही घरे गेली. चपला शोधण्याचा आवाज कितीतरी वेळ येत होता. तो थांबला तेव्हा मंगल उठली. दोन्ही मुले तिने थॉमसजवळ दिली, पदर खोचला आणि त्या मोकळ्या सतरंजीवर दानियलच्या शेजारी जाऊन बसली. मूर्तीचे चुंबन तिने घेतले नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसती बसली. नंतर उरलेल्यांची रांग लागली. रीनाला विजयजवळ ठेवून मी एकटीच रांगेत गेले. त्या दिवशी मला तेवढेच जमले.

दानियल ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात गेला. त्याला शेवटची अंघोळ आत्याने आणि थॉमसने घातली. पेटी उचलायला थॉमस, विजय आणि फादर एवढेच पुढे आले. चौथा कोपरा धरायला कुणी नव्हते. तेव्हा योसेफतात्या घरातून बाहेर आले, पायांतल्या वहाणा काढल्या आणि खांदा दिला. कबरीपर्यंत त्यांनी कोपरा सोडला नाही. पुढच्या नाताळाला मूर्ती पुन्हा रांगेतल्या सगळ्यांसाठी खाली आली, आणि तात्या रांगेत होते.

काही वर्षांनी आत्याला अर्धांगवायू झाला. आम्ही तिला आमच्या घरी आणले. पहिल्यांदा अंघोळ घालायला गेले तेव्हा तिने चांगल्या हाताने माझा हात झिडकारला. दुसऱ्या दिवशीही तेच. गावभर ज्याला त्याला हात लावत फिरलेली ही बाई, पण तिचे लुगडे मी सोडू लागले की भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून घ्यायची. अंगाला वास येऊ लागला. विजय चिडायचा, मी रडकुंडीला यायचे. एका दुपारी मी बादली तिथेच ठेवून खाली बसले आणि म्हणाले, "आत्या, मी कुणी परकी आहे का?"

तिने भिंतीकडचे तोंड माझ्याकडे वळवले. जीभ जड झालेली, शब्द एकेक करून येत होते.

"न्हाऊ घालनं सोपं असतंय, पोरी. दुसऱ्याच्या हातनं न्हायचं लई अवघड. दान्याला किती लाज वाटली आसंल. मला तवा कळलंच न्हाय. मी आपली घालत ऱ्हायले पानी." तिच्या डोळ्यांतून पाणी आले. ते तिला पुसता येईना, मीच पुसले. मग ती म्हणाली, "आन देवानं अंग घेऊन हे आपनहून मागून घेतलं."

त्या दिवशी मी तिला अंघोळ घातली नाही, बादली उचलून ठेवली.

सकाळी पाणी तापवून आत गेले तेव्हा ती जागी होती. मी जवळ बसले. तिने माझ्याकडे पाहिले आणि आपला चांगला हात वर केला, म्हणजे मला चोळीची बाही काढता यावी.